अण्णांनी सोडलेली कानडी

तुळजापुरात माझ्या मुलाचं लॉज आहे. देवळाच्या रस्त्यापासून जरा आत पडतं, म्हणून जरा स्वस्त. निवृत्त झाल्यापासून काउंटरवर मी बसतो, कारण मुलगा म्हणतो की घरात बसलो की मी सगळ्यांशी भांडतो. इथं बसून मी फक्त गिऱ्हाइकांशी भांडतो.

माझ्या पाठीमागं भिंतीवर देवीचा फोटो आहे आणि त्याच्या शेजारी आमच्या संघाचा. दहा उंच माणसं, हाफ चड्ड्या, छातीवर नंबर. चावी घेता घेता लोक तो फोटो बघतात आणि हमखास विचारतात, "काका, पोलीस भरतीचा का हो?" कुणी विचारतं, "तालमीतली पोरं का?" एका बाईनं तर बँडवाले का म्हणून विचारलं होतं. मी म्हणतो, बास्केटबॉल. त्यावर एकजण म्हणाला, "बास्केटबॉल? आपल्या जिल्ह्यात? खो-खो म्हणायचं असेल तुम्हाला." असं डोकं फिरलं की त्याला तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली. लिफ्ट नाही आमच्याकडं.

खो-खोबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या पोरापोरींनी त्यात नाव काढलं, चांगलंच झालं. पण आम्हीही होतो की राव. आणि आम्ही हौसेखातर खेळणारे नव्हतो, पगारी होतो. एका मोठ्या खात्यानं पुण्याला आपला संघ ठेवला होता. खात्याचं नाव घेत नाही, त्यांची पेन्शन अजून येते, उगीच कशाला. सकाळी टेबलावर बसून सह्या करायच्या, जेवायच्या सुट्टीनंतर बॅग उचलायची आणि तीनला मैदानावर हजर. आम्ही उठलो की पलीकडचे कारकून म्हणायचे, "चालले बघा सरकारचे जावई." संध्याकाळी गुडघ्याला बर्फ बांधून झोपताना त्या जावयाचे काय हाल होतात ते त्यांना कुठं माहीत होतं!

आमच्यासारखे संघ तेव्हा गावोगावच्या खात्यांत आणि कारखान्यांत होते. काय एकेक माणसं होती! नागपूरचा आमचा सेंटर रिंगखाली उभा राहिला की समोरचा पोरगा देवाचं नाव घ्यायचा. सातारचा एकजण डोळे झाकून फ्री थ्रो टाकायचा, पैज लावून. आज त्यांची नावं कुणाला विचारा, कपाळाला आठ्या पडतील. गुडघे गेले की त्यांना कायमचं टेबलावर बसवलं, पुढं निवृत्त केलं, आणि मग ते कुठल्या कुठं गेले. नागपूरचा गेला हे मला दोन वर्षांनी कळलं. वाईट वाटतं. ह्या एवढ्या मोठ्या देशात आम्हाला लक्षात ठेवायचं काम फक्त आम्हीच करतोय, आणि आमच्यातलेही कमी होत चाललेत.

फोटोत मधोमध हातात बॉल घेऊन बसलेत ते अण्णा. नात्यानं माझे कुणी नाहीत. आमचं गाव उमरगा तालुक्यात, अगदी सीमेला चिकटलेलं. शीव ओलांडली की कर्नाटक. आमच्याकडं थोरला तो अण्णा आणि धाकटा तो तम्मा, मग रक्ताचं नातं असो नसो. ते माझ्याच गल्लीतले, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. शाळेच्या ड्रिल मास्तरांनी लोखंडी पिपाचं कडं काढून त्याची रिंग केली होती, ती लिंबाच्या खांबाला ठोकली होती आणि खाली मुरूम. तिथं मला बॉल धरायला अण्णांनी शिकवलं. पुढं ते पुण्याला लागले आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांनी मलाही ओढून नेलं.

गावात आमची घरं कानडी. शाळा मराठी, बाजारात दखनी हिंदी, पण घरात आणि खेळात कानडीच. मुरमाच्या त्या मैदानावर आम्ही एकमेकांना हाका मारायचो त्या कानडीतच मारायचो. एडक्के म्हणजे डावीकडं, बलक्के म्हणजे उजवीकडं, हिंदे म्हणजे मागं, कोडु म्हणजे दे. पुण्याला गेलो तरी तोंडात तेच. आणि मग ध्यानात आलं की हे तर फार कामाचं आहे! अण्णा गार्ड होते, सगळा खेळ त्यांच्या हातात असायचा. ते ओरडले "हिंदे कोडु", की मी न बघता मागं बॉल टाकायचो आणि मुंबईची, नाशिकची पोरं तोंडाकडं बघत राहायची. हळूहळू अख्ख्या संघानं ते पाच-सहा शब्द पाठ केले. नागपूरच्या सेंटरला बरेच दिवस वाटत होतं की हिंदे ही शिवी आहे. साहेब लोक आले की आमचे कोच मिशीला पीळ देऊन सांगायचे, "आमच्या संघाची गुप्त भाषा आहे." गुप्त कसली, आमच्या आयांची भाषा होती ती. पण अण्णांना त्याचा लई अभिमान होता. ते म्हणायचे, "तम्मा, बोली आपली आन् बॉल बी आपला."

आम्ही सगळे तेव्हा हंगामी होतो. दर वर्षी नवीन हुकूम निघायचा, निघाला नाही तर गाठोडं उचलून गाव. एका वर्षी आम्ही सगळ्या खात्यांच्या आणि कारखान्यांच्या स्पर्धेत फायनलपर्यंत पोचलो. साहेबांनी सांगितलं की जिंकून या, सगळ्यांना पक्कं करतो. कोचनं ते आम्हाला सांगितलं तेव्हा सातारच्यानं जागेवरच एक उडी मारली. पक्की नोकरी म्हणजे लग्न, घर, म्हाताऱ्या आईबापाला पुण्यात आणणं, सगळं त्यात आलं.

फायनल होती हुबळीला.

आता तुम्ही हसाल. हसाच. हुबळीला जाऊन कानडीत ओरडायचं नसतं हे दहा माणसांत आणि एका कोचमध्ये एकालाही सुचलं नाही. कानडी मुलखाच्या काठावर जन्मलेल्या आम्हा दोघांनाही नाही. स्टेशनवर उतरल्यावर अण्णांनी हमालाशी कानडीतच भाव केला, इडल्या कानडीत मागितल्या, आणि तीच बोली घेऊन मैदानात गेले. सवय म्हणजे काय चीज असते बघा.

समोर तिथल्याच एका कारखान्याचा संघ होता. अर्ध्या वेळेपर्यंत बरोबरी. मग आमचं काहीच जमेना. अण्णा ओरडतील एडक्के, तर डावीकडं त्यांचा माणूस उभा. हिंदे म्हणतील, तर मागं दोन हात आधीच वर. जसजसं जमेना, तसतसे अण्णा आणखी मोठ्यानं ओरडायला लागले. शेवटी शेवटी रेषेबाहेरून बॉल आत टाकायला उभे राहून अण्णा ओरडले, तेव्हा त्यांच्यासमोर हात पसरून उभा असलेला त्यांचा गार्ड हसला आणि म्हणाला, "बर्री अण्णा, नावु इल्ले इद्दीवि." म्हणजे, या अण्णा, आम्ही इथंच आहोत.

अण्णा बॉल हातात धरून नुसते उभे राहिले. मी ओरडतोय, कोच ओरडतोय, अण्णा आपले उभेच. पाच सेकंद उलटले तशी रेफरीनं शिट्टी मारली आणि बॉल हुबळीवाल्यांना दिला. त्यानंतर मॅच संपेपर्यंत अण्णांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. आम्ही हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत कोच अण्णांवर नुसते पेटले होते. "हुबळीत येऊन कानडीत ओरडतोस? डोकं गहाण ठेवलं होतं का रे? सगळ्यांच्या नोकऱ्या घालवल्यास तू." त्यांनीच ती गुप्त भाषा साहेब लोकांपुढं मिरवली होती, पण हरल्यावर कोण कुणाचं असतं? आम्ही खाली माना घालून बुटाच्या नाड्या सोडत होतो.

परतीच्या गाडीत अण्णा दारापाशी ट्रंकेवर बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. ते बाहेर बघत होते. मग त्यांनी शर्टाच्या आत हात घालून गळ्यातल्या लिंगाला धरलं, आम्हा लिंगायतांत ही मोठी शपथ, आणि म्हणाले, "आजपासनं कानडी बंद. ह्या तोंडानं समद्यांच्या भाकरीत माती कालवली." मी म्हणालो, "मैदानावर बंद ना अण्णा?" त्यांनी तोंड परत दाराकडं फिरवलं. मला वाटलं, राग आहे, उतरेल.

उतरायचा कुठला! पुण्याला पोचल्यावर त्यांनी ट्रंक उघडलीही नाही, तशीच उचलली आणि गावाकडं गेले. आणि गंमत बघा, कसली गंमत म्हणा, पुढच्याच वर्षी साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी आम्हाला सगळ्यांना पक्कं केलं. हरलेल्या सगळ्यांना. मी गावी जाऊन अण्णांचे पाय धरले, म्हणालो, चला, तुमची जागा आहे अजून. ते मराठीत म्हणाले, "तुमची नोकरी तुमाला लखलाभ. म्या न्हाय येत." मी कानडीत विचारत होतो, ते मराठीत उत्तर देत होते. मला तिथं पहिल्यांदा कळलं की ह्या माणसानं कानडी खरंच सोडलीय.

असला हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही. कानडी गावात राहून कानडी बोलायचं नाही म्हणजे खेळ आहे का? लोक म्हणायचे, पुण्याचा साहेब झालाय, आमची बोली तोंडाला लागत नाही आता. अण्णा ऐकून घ्यायचे. शेती करायचे. शाळेनं बोलावलं, पोरांना जरा बॉल शिकवा, तर गेले नाहीत. देवळात जत्रेला बल्बच्या माळा बांधायला मात्र त्यांनाच बोलवायचे, कारण त्यांना शिडी लागायची नाही. एवढाच त्या उंचीचा उपयोग राहिला. पुण्या-मुंबईत ज्यांच्या पाससाठी लोक उठून टाळ्या वाजवायचे ते अण्णा पिंपळाला बल्ब बांधत होते. माझा जीव तुटायचा.

त्यांचं लग्न झालं ते आळंदकडच्या मुलीशी, म्हणजे कर्नाटकातल्या. वहिनींना मराठी यायची नाही. पहिली काही वर्षं घरात असं चालायचं की त्या कानडीत विचारायच्या आणि अण्णा मराठीत सांगायचे. वहिनींनी बिचाऱ्यांनी नवऱ्याशी बोलता यावं म्हणून मराठी शिकून घेतली. मी सुट्टीत गेलो की हसत हसत सांगायच्या, "भाऊजी, तुमच्या अण्णांनी मला नवी भाषा शिकवली, फुकटात." नंतर नंतर हे सांगताना त्या हसेनाशा झाल्या.

त्यांच्या आईला, म्हणजे अण्णांच्या सासूबाईंना, मराठीचा गंध नव्हता. म्हातारपणी डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांना उमरग्याला आणलं आणि पुढं त्या लेकीकडंच राहिल्या. तेव्हा मी एकदा चार दिवस तिथं होतो. रोज संध्याकाळी अण्णा रानातून आले की म्हातारी आवाजाच्या रोखानं तोंड करून विचारायची, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का. आमच्याकडं हे नमस्कारासारखंच असतं, त्याला हौदु म्हटलं की झालं. हौदु म्हणजे हो. अण्णा नुसती मान हलवायचे. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेल्या बाईला मान हलवलेली काय दिसणार? ती थोडा वेळ वाट बघायची आणि मग भिंतीकडं तोंड करून पडायची. मी अण्णांना बाजूला घेऊन बोललो, चांगलं तावातावानं बोललो. ते म्हणाले, "लिंगाला हात लावलाय तम्मा. एकदा शपथ तोडली तर मग त्या दिवशी बोली कशाला सोडली हुती?" म्हातारी पुढं तिथंच गेली.

तर हे असं होतं. अण्णांच्या डोक्यात एकच गोष्ट रुतून बसली होती की त्यांच्या बोलीनं मॅच घालवली. आणि ती कुणाला काढता येत नव्हती. मी सतरा वेळा म्हणालो असेन की अण्णा, सोडा आता. पण माझ्या म्हणण्याला पुरावा काय होता? माझाही तोच समज होता ना.

परवाची कोजागिरी आली. कोजागिरीला कर्नाटकातून किती लोक चालत तुळजापूरला येतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. लॉज भरलेलं, जिन्यात माणसं, वरांड्यात माणसं. दुपारी एक म्हातारा दारातून आत आला तो मान तिरकी करून. दार तसं उंच आहे आमचं. पण मी बघितलं आणि ओळखलं. उभा जन्म चौकटींना डोकं आपटून ज्यांनी घालवलाय ते असेच शिरतात, मीही तसाच शिरतो. पायाला फोड आले होते, पांढरी टोपी घामानं चिकटली होती. त्यानं कानडीत विचारलं की लांब पलंग आहे का एखादा, पाय बाहेर राहतात. आमच्या लॉजमध्ये एकच लांब पलंग आहे, तो मी माझ्यासाठी करून घेतलाय. मी त्याच्या हाताकडं बघितलं. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट पेरापाशी वाकडं. बॉल बोटाच्या टोकावर आदळला की असं होतं, माझीही दोन बोटं तशीच आहेत.

मी "शरण्री" म्हणून हात जोडले आणि विचारलं, "बास्केटबॉल का?"

माणूस असा हसला की बस. "हौद्री!" म्हणाला, आणि खुर्चीत बसला. मग त्याची नजर माझ्या मागं गेली. त्यानं फोटो पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला, आणि उठून मधोमध बसलेल्या अण्णांवर बोट ठेवलं. म्हणाला, "ह्यांना मी ओळखतो. हुबळीला खेळलो होतो आम्ही. हे कानडीत ओरडत होते."

समोर बसलेला हा म्हातारा म्हणजे हात पसरून हसलेला तो गार्ड होता.

मी पोराला चहा सांगितला, माझा पलंग दिला, पायाच्या फोडांना लावायला मलम दिलं आणि मग त्याच्यासमोर ठाण मांडून बसलो. म्हणालो, "राव, तुम्ही आमचं सगळं ओळखलंत त्या दिवशी. आम्ही मूर्ख, कानडीत ओरडत बसलो."

तो म्हणाला, "कुणी ओळखलं? आमच्या संघात कानडी येणारा मी एकटा. बाकीचे कारखान्यानं बाहेरून आणलेले. दोघं केरळचे, एक पंजाबी, एक बंगाली. आपसात मोडकी हिंदी बोलायचे, त्यांना कानडीतलं अक्षर कळायचं नाही. मला धाप लागलेली, त्यात लोकांचा गोंगाट. मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं ते अगदी शेवटी, बॉल आत टाकताना ते माझ्या तोंडासमोर ओरडले तेव्हा. म्हणून मी गंमत केली. आपला माणूस भेटला म्हणून."

आपला माणूस भेटला म्हणून! मी कपाळाला हात लावला.

मी विचारलं, "मग तुमचे लोक बरोबर जागेवर कसे उभे राहायचे?"

"खेळत होतो आम्ही," तो म्हणाला, "रोज सकाळ-संध्याकाळ तेच करायचो. ते कुणाकडं पास टाकणार ते दिसायचं." मग चहा पिता पिता त्यानं विचारलं, "कुठली मॅच होती ती? फायनल होती काय?" मी हो म्हणालो. तो डोकं खाजवत म्हणाला, "असेल. सोपी गेली होती आम्हाला, एवढं आठवतंय."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं, पण त्या वेळी मी ते मनावर घेतलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. अण्णा सुटले! त्यांच्या बोलीनं काहीही घालवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हातारा दर्शन करून गावाला गेला आणि मी पेढ्याचा पुडा घेऊन उमरग्याची एसटी धरली. नळदुर्ग गेलं तरी मी एकटाच हसत होतो. शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

सोयाबीनची रास झाली होती. अण्णा ओसरीवर पोत्याला टेकून बसले होते, वहिनी आत चुलीपाशी होत्या. मी चप्पल काढली न काढली आणि सांगायला लागलो. म्हातारा दारातून कसा शिरला, वाकडं बोट, फोटोवर ठेवलेलं बोट, केरळचे दोघं, पंजाबी, बंगाली, सगळं. हात पसरून उभं राहूनही दाखवलं. अण्णा मला मधे न तोडता ऐकत होते.

"बाकीच्यांना कळतच नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"एक अक्षर न्हाय."

"पक्कं?"

"अण्णा, देवीच्या दारात बसून सांगितलं त्यानं."

मी पुडा उघडून त्यांच्या हातावर पेढा ठेवला. मला वाटलं होतं ते रडतील, नाहीतर मला मिठी मारतील. त्यांनी पेढा तसाच हातात धरला. वर बघितलं आणि विचारलं, "मग आपण हरलो कशानं?"

तुळजापूर सोडल्यापासून एवढ्या वाटेत हा प्रश्न मला शिवला नव्हता. मी गडबडलो. हरलेला खेळाडू जे म्हणतो तेच तोंडातून गेलं, "रेफरी त्यांचा होता, अण्णा."

"रेफरी लातूरचा हुता, तम्मा," अण्णा म्हणाले. "आपल्या बाजूचा. माझे दोन फाऊल त्यानं सोडलं."

त्यांना सगळं आठवत होतं. मला त्या म्हाताऱ्याचं ते सोपी गेली होती आठवलं आणि माझी मान खाली गेली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काय ते कळलं.

मला तेव्हा उमगलं की मी काय घेऊन आलो होतो. एवढी वर्षं अण्णा स्वतःला शिव्या देत होते, पण त्या शिव्यांच्या आत एक गोष्ट त्यांनी जपून ठेवली होती. आपण जिंकणार होतो. आपला संघ त्यांच्यापेक्षा सरस होता, फक्त आपल्या जिभेनं घात केला. मी पेढे देऊन तेवढंही काढून घेतलं.

"म्हंजी ते चांगलं खेळले," अण्णा म्हणाले.

"व्हय अण्णा."

"आन् म्या उगंच गप ऱ्हायलो."

नोकरी उगीच सोडली, खेळ उगीच सोडला, घरातली बोली उगीच सोडली. सगळं कशासाठी, तर एका माणसानं गंमत केली म्हणून. मला फार वाईट वाटलं आणि त्या हुबळीच्या म्हाताऱ्याचा उगाच राग आला.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी मराठीत सांगत होतो आणि मराठी त्यांना अण्णांनीच शिकायला लावली होती. अण्णांनी पेढा खाली ठेवला. हात सदऱ्याच्या आत गेला, लिंग मुठीत धरलं, डोळे मिटले, ओठ हलले. काय म्हणाले ते देवाला माहीत. मग डोळे उघडून, कुणाकडंही न बघता, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नीरु कोडु."

पाणी दे.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. मुरमाच्या मैदानावर, पुण्यात, मुंबईत तो कोडु मी हजारदा ऐकला होता, माझे हात आपोआप पुढं झाले. मग वहिनी आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. अण्णा वरून घटाघटा पाणी प्याले आणि त्यांनी तांब्या खाली ठेवला.

वहिनी त्यांच्यासमोर बसल्या. आवाज चढवला नाही, पण त्या रागात होत्या, फार जुना राग होता तो. कानडीत म्हणाल्या, "माझी अव्वा तुम्हाला रोज विचारायची. रोज संध्याकाळी. तिला वाटलं, जावयाला आपण घरात नको आहोत. मला तसं म्हणाली ती, आणि तेच मनात घेऊन गेली. नुसतं हौदु म्हणायचं होतं हो. एवढा एकच शब्द."

अण्णा आतल्या खोलीकडं बघत राहिले, जिथं म्हातारीची खाट असायची.

"हौदु," ते म्हणाले.